मिलानचे संत अँब्रोज बिशप कसे झाले? त्यांची आठवण आजही का काढतात?

अँब्रोज मुळात धर्मगुरू नव्हतेच. ते त्या भागाचे रोमन राज्यपाल होते. ३७४ साली मिलानचे बिशप वारले आणि नव्या निवडीवरून दोन गटांत जुंपली. दंगल पेटू नये म्हणून अँब्रोज चर्चमध्ये जाऊन लोकांची समजूत घालू लागले, तर गर्दीने त्यांच्याच नावाचा घोष सुरू केला. तोवर त्यांचा बाप्तिस्माही (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी) झाला नव्हता! त्यांनी टाळाटाळ करून पाहिली, पण शेवटी बाप्तिस्मा घेऊन काही दिवसांतच ते बिशप झाले.

मला सर्वांत मोठी वाटते ती ३९० मधली गोष्ट. सम्राट थिओडोसियसच्या सैनिकांनी ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीत हजारो माणसं कापली. अँब्रोजनी सम्राटाला पत्र लिहिलं : पश्चात्ताप केल्याशिवाय तुमच्या उपस्थितीत मी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणार नाही. आणि सम्राटाने राजवस्त्रं उतरवून सर्वांसमोर प्रायश्चित्त घेतलं. त्यांनी सम्राटाला चर्चच्या दारातच अडवलं, ही कथा नंतरची. पत्र मात्र आजही उपलब्ध आहे.

एक डागही सांगायला हवा. ३८८ मध्ये कॅलिनिकम (आजच्या सीरियातलं रक्का) इथे ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, जाळलं, तेव्हा त्याची भरपाई होऊ नये म्हणून याच अँब्रोजनी सम्राटावर दबाव आणला. ते चूकच होतं.

थोर ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनना ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा दिला तो यांनीच. त्यांनी रचलेली स्तोत्रं अजून गायली जातात. ७ डिसेंबरला, त्यांच्या सणाला, मिलान शहराला सुट्टी असते.