वाचकांचे प्रश्न : पाठीतली तार, कमरेतली बॅटरी

पाठ-मानेच्या जुनाट दुखण्यावर शरीरात बसवायच्या, मज्जारज्जूला सौम्य करंट देणाऱ्या स्टिम्युलेटर यंत्राबद्दल इंदूर, देवास, महू इथल्या वाचकांनी विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. गादी सरकल्यामुळे कमरेचं ऑपरेशन झालं, नसेवरचा दाब निघाला असं सांगितलं. तरी डाव्या मांडीपासून अंगठ्यापर्यंत रात्रंदिवस आग होते, चादर लागलेलीसुद्धा सोसत नाही. आता डॉक्टर ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर’ बसवा म्हणतात. याने मणका सुधारतो का? (सुदामानगर)

उत्तर : नाही. मणका, गादी, नस यांतलं काहीच हे यंत्र दुरुस्त करत नाही. दाब निघाल्यावरही दुखावलेली नस मेंदूकडे वेदनेचे संदेश पाठवत राहते, आणि हे यंत्र त्या संदेशांना वाटेत अडवायचा प्रयत्न करतं. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की ते मिटू लागतं. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, त्याने बरं वाटतं, ते याच कारणाने. या विचारावर १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिला स्टिम्युलेटर रुग्णाला बसवला.

यंत्राचे मुख्य भाग तीन. एक म्हणजे लीड, अर्थात बारीक तार. तिच्या टोकाकडे बहुधा ८ संपर्कबिंदू असतात आणि ती मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, म्हणजे एपिड्युरल जागेत, सुईतून सरकवतात. दुसरा भाग बॅटरीसकटचा पल्स जनरेटर. तो पार्श्वभागाच्या वरच्या अंगाला, पट्टा किंवा परकराची नाडी काचणार नाही अशा जागी, कातडीखाली बसतो. तिसरा भाग रिमोट, तो आपल्या हातात. दुखतो पाय, आणि तारेचं टोक मात्र छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापाशी, हे ऐकून घरचे गोंधळतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्यामुळे कंबर आणि पायाकडून आलेले तंतू गाठायचे तर वरच जावं लागतं.

जुन्या पद्धतीत साधारण ४० ते ६० हर्ट्झचा (सेकंदाला तितकी स्पंदनं) करंट असतो आणि दुखऱ्या जागी सतत मुंग्या जाणवतात. १०,००० हर्ट्झच्या पद्धतीत मुंग्या येत नाहीत. ‘बर्स्ट’मध्ये स्पंदनं झुबक्या-झुबक्याने येतात, त्यातही मुंग्या नसतात किंवा फार कमी असतात. कोणती पद्धत कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकापेक्षा जास्त पद्धती देणारं यंत्र आहे का, हे विचारून घ्या. ऑपरेशननंतर पायात उरलेली अशी आग हे या उपचाराचं अगदी नेहमीचं कारण आहे, तेव्हा सासूबाईंसाठी विचार करायला हरकत नाही.

प्रश्न : शीतलामाता बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे. दिवसभर मान खाली. मान आणि खांदे भरून येतात, सकाळी मान आखडते, हातात मुंग्या वगैरे काही नाही. एमआरआयमध्ये स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) आलं. इंटरनेटवर वाचून हे यंत्र बसवून घ्यावंसं वाटतं.

उत्तर : तुमच्यासाठी हे यंत्र नाही, असं आम्ही स्पष्ट सांगतो. नस दुखावल्याने होणारं दुखणं (आग, चमक, करंट, बधिरपणा, ठरावीक पट्ट्यात उतरणारी कळ) आणि स्नायू-सांध्यांचं दुखणं वेगळं. स्टिम्युलेटर पहिल्यासाठी आहे. चाळिशीनंतर स्पॉन्डिलोसिस एमआरआयमध्ये दुखणं नसलेल्या माणसांतही दिसतो, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर निर्णय करू नये. मानेसाठी तार बसवायची तर टोक मानेच्या दुसऱ्या ते चौथ्या मणक्यापाशी येतं. तिथे हालचाल फार, त्यामुळे तार सरकते, आणि वर पाहिलं की झटका बसल्यासारखं होतं. हात-खांद्यातल्या नसेच्या दुखण्यासाठी ही जोखीम घेतात. नुसत्या आखडलेल्या मानेसाठी घेऊ नये. गल्ल्याची उंची वाढवा, साड्या उलगडायचं काम कमरेएवढ्या उंच ओट्यावर घ्या, आणि फिजिओथेरपिस्टकडून मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम शिकून ते निदान तीन महिने नेमाने करा.

ज्यांना डॉक्टरांनी खरोखर सुचवलं आहे त्यांनीही पुरावा दोन्ही बाजूंनी ऐकावा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या एका चाचणीत, ऑपरेशननंतर उरलेलं पायाचं दुखणं सहा महिन्यांनी निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेले स्टिम्युलेटरच्या गटात ४८ टक्के होते आणि नुसत्या औषधोपचाराच्या गटात ९ टक्के. पण त्यात खोटं यंत्र लावून तुलना केली नव्हती. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या ५० रुग्णांच्या चाचणीत यंत्र बर्स्ट पद्धतीने चालू आणि रुग्णाच्या नकळत बंद, अशी तुलना झाली, तेव्हा दैनंदिन हालचालींत म्हणावा असा फरक दिसला नाही. नुसत्या कंबरदुखीबद्दल २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) सूरही थंडच आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २००८ ची अट आम्हाला आजही शहाणपणाची वाटते : दुखणं नसेचं हवं, १०० पैकी किमान ५० तीव्रतेचं हवं, नेहमीचे उपचार करूनही किमान ६ महिने टिकलेलं हवं, आणि तात्पुरत्या तारेच्या चाचणीत फायदा दिसलेला हवा.

प्रश्न : ही तात्पुरत्या तारेची चाचणी काय असते? आठवड्याभरात कसं कळणार? (महू)

उत्तर : सगळा निर्णय इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रुग्णाला पालथं झोपवून, जागा बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत १४ गेजच्या सुईतून एक किंवा दोन तारा सरकवतात. मुंग्यांची पद्धत असेल तर टेबलावरच करंट देऊन विचारतात, ‘कुठे जाणवतंय?’ इथे लाजून किंवा लवकर सुटका व्हावी म्हणून ‘हो, बरोबर’ म्हणू नका. मुंग्या पोटरीत आणि दुखणं पावलात असेल तर तसंच सांगा. तार काही मिलिमीटर हलवून फरक पडतो. मग तारेचं टोक कातडीबाहेर ठेवून टेप लावतात, छोटा जनरेटर कमरेला अडकवतात आणि घरी पाठवतात. मुदत बहुधा ५ ते ७ दिवस. मग तार ओढून काढतात. तिची जागा दाखवणारा एक्स-रे जपून ठेवा, कायमची तार त्याच जागी घालायची असते.

या दिवसांत स्पंजिंगच, आंघोळ नाही. दुखण्याच्या गोळ्यांच्या मात्रा बदलू नका, नाहीतर फरक यंत्राचा की गोळीचा हे कळणार नाही. पूर्ण आरामही नको. पडून राहिल्यावर कोणाचंही दुखणं कमी होतं आणि मग चाचणी उत्तीर्ण झाल्यासारखी वाटते. चाचणीच्या आदल्या आठवड्यापासूनच वही घाला : सकाळ-दुपार-रात्र ० ते १० मध्ये दुखणं किती, सलग किती मिनिटं चाललात, किती वेळ उभं राहून पोळ्या लाटता आल्या, रात्री कितीदा जाग आली, जादा गोळी घेतली का. ‘बरं वाटतंय’ हा शब्द वहीत नको. ८ वरून ४ वर आलं किंवा त्याहून खाली गेलं, म्हणजे निदान निम्म्याने उतरलं, आणि चालणं-झोपही सुधारली, तरच पुढे जा. दुखणं निम्मं झालं पण चालणं होतं तेवढंच राहिलं, तर आम्ही थांबायला सांगू. पहिले दोन दिवस मोजू नका, सुईचं दुखणं आणि नवेपणा दोन्ही त्यात मिसळलेले असतात. वही सुनेने किंवा मुलाने वेगळी लिहिली तर आणखी उत्तम, कारण ‘आई, तू आज चहा करून आणलास’ हे आधी घरच्यांच्या लक्षात येतं.

प्रश्न : बाबांना दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट घातला आहे. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहेत, मधुमेहही आहे. (रामबाग)

उत्तर : एपिड्युरल पोकळीत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाणं हा या प्रक्रियेचा सगळ्यात भयंकर धोका. म्हणून रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस आधी आणि अ‍ॅस्पिरिन साधारण ६ दिवस आधी थांबवतात. पण स्टेंटच्या रुग्णात हे फक्त हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी परवानगीनेच, घरच्या घरी कधीच नाही. बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते हे : तात्पुरती तार आत असेपर्यंत या गोळ्या बंदच राहतात, तार काढल्यावर साधारण २४ तासांनी सुरू होतात. म्हणजे मध्ये दोन आठवड्यांचा खंड. तेवढा खंड हृदयाला परवडणार नसेल तर हा उपचार सोडून द्यावा.

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. जंतुसंसर्ग झाला की नुसत्या अँटिबायोटिकने सहसा भागत नाही, यंत्र काढावं लागतं. तंबाखू, गुटखा, विडी बंद.

प्रश्न : मुंबईला कायमचं यंत्र बसवून अवंतिका एक्सप्रेसने इंदूरला परतायचं आहे. घरी काय सांभाळायचं?

उत्तर : खालचाच बर्थ घ्या आणि सामान दुसऱ्याने उचलावं. पहिले सहा ते आठ आठवडे तारेभोवती तंतुमय जाळं धरत असतं. तोवर तार नुसती टाक्याने आणि अँकरने (तार जागी धरणाऱ्या छोट्या तुकड्याने) रोखलेली असते. कमरेत वाकणं, पिळणं, दोन-अडीच किलोंहून जास्त उचलणं, खांद्याच्या वर हात नेणं, हे बंद. आपल्या घरांत याचा अर्थ : भारतीय पद्धतीचा संडास नको, कमोड किंवा खुर्ची लावा, पूजा पाटावर नाही, खुर्चीत बसून, माळ्यावरचा डबा, वाळत घालायचे कपडे, पाण्याची बादली, रांगोळी दुसऱ्यांवर सोपवा. शिंक आली तर उशी पोटाशी धरा. चालणं मात्र रोज हवं.

तार सरकली की मुंग्यांची जागा बदलते. पायातल्या मुंग्या अचानक पोटाला किंवा बरगडीला जाणवू लागतात, किंवा आराम एकाएकी जातो. एक्स-रे काढून आधीच्याशी ताडून बघतात. थोडी सरकली असेल तर वेगळे संपर्कबिंदू चालू करून भागतं, जास्त सरकली तर पुन्हा ऑपरेशन.

उताणं झोपल्यावर करंट जोरात वाटला तर घाबरू नका. उताणं असताना मज्जारज्जू तारेच्या जवळ सरकतो. झोपण्यापूर्वी रिमोटने जोर कमी करा, किंवा झोपेसाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्या.

जखम लाल, गरम, ओली, ताप : त्याच दिवशी दाखवा. पायात नवी कमजोरी, लघवी अडणं, बसण्याच्या जागी बधिरपणा : रात्री दोन वाजले असले तरी मणक्याचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या हॉस्पिटलात जा, सकाळची वाट पाहू नका. इथे तासांवर पाय वाचतो किंवा जातो.

प्रश्न : यंत्र बसवल्यावर फिजिओथेरपी, एमआरआय, इंडक्शन शेगडी, स्कूटी चालते का? (देवास)

उत्तर : फिजिओथेरपीच्या केंद्रात शिरताच पहिलं वाक्य हे असावं : ‘माझ्या अंगात स्टिम्युलेटर आहे, डायथर्मी करायची नाही.’ डायथर्मी म्हणजे विद्युतलहरींचा शेक, आपल्याकडे कंबर-गुडघ्याला हा शॉर्टवेव्हचा शेक सर्रास देतात. त्या लहरींनी तारेच्या टोकाशी उष्णता साठून मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. यंत्र बंद असलं तरी, आणि शेक गुडघ्यालाच असला तरी. अल्ट्रासाउंडचा शेकही नको. सोनोग्राफी वेगळी, ती चालते. पाठ मोडून ‘हाड बसवणाऱ्या’कडे जाऊ नका, तार तुटू किंवा सरकू शकते. व्यायाम चालतात, ते हवेतच.

एमआरआय मॉडेलवर अवलंबून असतो. तारा आणि जनरेटर दोन्ही एमआरआयला मान्य हवेत, तपासणीआधी इम्पीडन्स (तारेतला विजेचा अडथळा) मोजून तार अखंड असल्याची खात्री हवी आणि यंत्र एमआरआय मोडवर हवं. दुसरं कोणतंही ऑपरेशन असेल तर सर्जनला आधी सांगा, म्हणजे ते रक्तस्राव थांबवायला बायपोलर कॉटरी (ज्यात करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहतो) वापरतील. मूतखडा फोडायच्या लहरींआधीही सांगा.

चालू इंडक्शनला कंबर टेकवून उभं राहू नका. विमानतळ, मॉल, मंदिरातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीत रेंगाळू नका. यंत्राचं कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा. मुंग्यांची पद्धत असेल तर गाडी चालवताना यंत्र बंद ठेवा. खड्ड्यात गाडी आदळून अचानक करंट वाढला तर तोल जाऊ शकतो.

प्रश्न : चार्जिंगची बॅटरी की बिनचार्जिंगची? खर्चाचं काय विचारावं?

उत्तर : बिनचार्जिंगची साधारण २ ते ५ वर्षं चालते, मग बॅटरी बदलायचं छोटं ऑपरेशन. चार्जिंगची ९-१० वर्षांच्या आसपास, पण चार्जर नेमका तिच्यावर धरून बसणं जमलं पाहिजे. जनरेटर दोन सेंटिमीटरहून फार खोल बसला किंवा नंतर वजन वाढलं की चार्जर जुळत नाही. चार्जर अंगावर बांधून झोपू नका, कातडी भाजते. ज्यांना विसर पडतो, हात थरथरतात किंवा जे एकटे राहतात, त्यांनी बिनचार्जिंगची घ्यावी असं आमचं मत आहे.

खर्च लाखांत आहे. कोटेशनमध्ये चाचणीची तार, कायमच्या तारा, जनरेटर, रिमोट, चार्जर आणि हॉस्पिटल यांचे आकडे वेगवेगळे मागा. चाचणी फसली तर कोणते पैसे जातात, ते लिहून घ्या. विमा कंपनीकडून मंजुरी चाचणीआधी घ्या, नंतर नाही. आणि एक प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारा : प्रोग्रॅमिंगसाठी कंपनीचा माणूस इंदूरला येतो का, किती दिवसांतून एकदा, की दर वेळी मुंबई-अहमदाबाद गाठावं लागेल? पहिल्या वर्षात प्रोग्रॅम अनेकदा बदलावा लागतो. बसवलेल्या प्रत्येक भागाचे मॉडेल आणि सीरियल नंबर छापलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या आणि त्यांचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी एमआरआयवाला पहिल्यांदा तेच मागेल.