गटातल्या समुपदेशनाला जा, पण प्रश्नांच्या दोन याद्या करून

तुमची अडचण कळली. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीचं, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालंय, आणि जनुकीय तपासणीआधीचं समुपदेशन सहा-सात अनोळखी रुग्णांबरोबर एकत्र होणार आहे. घरातल्या गोष्टी त्यांच्यासमोर कशा काढायच्या? माझा आजार हाच, आणि माझं समुपदेशनही गटातच झालं. माझं म्हणाल तर खुशाल जा. फक्त आधी विचारून घ्या की नंतर प्रत्येकाला एकट्याने बोलायला वेळ मिळणार आहे ना. नसेल तर मागून घ्या, त्यात संकोच नको.

गटात जे सांगतात ते सगळ्यांना सारखंच असतं: आजार पिढ्यांतून कसा उतरतो, तपासणीतून काय कळतं, काय कळत नाही. पहिली यादी अशाच प्रश्नांची. तुमचा रिपोर्ट किंवा वंशावळ तिथे चर्चेला येता कामा नये.

मी गप्प बसायचं ठरवूनच गेले होते. शेजारच्या काकांनी विचारलं, "माझ्या तपासणीत काहीच सापडलं नाही, तर मुलांना धोका नाही ना?" मी मनातल्या मनात 'नाही' म्हणूनही टाकलं. उत्तर नेमकं उलट निघालं. या आजाराच्या कितीतरी रुग्णांमध्ये दोषी जनुक सापडतच नाही. तेव्हा रुग्णाचा रिपोर्ट कोरा आला म्हणजे आजार घराण्यातला नाही असं होत नाही. मुलांचे ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) ठरावीक काळाने करत राहावे लागतात. मात्र रुग्णाच्या जनुकात नक्की दोषी ठरलेला बदल सापडला आणि मुलात तो नसला, तर त्या मुलाची या फेऱ्यांतून बहुधा सुटका होते. म्हणून तपासणी आधी आजारी माणसाची करतात, नातेवाइकांची नंतर. हा प्रश्न मला एकटीला सुचलाच नसता.

प्रत्येक अपत्याकडे तो बदल जाण्याची शक्यता ५० टक्के, हे तुम्ही ऐकलं असेल. दोन मुलं म्हणजे एकाला होणार, असा हिशेब मात्र करू नका. प्रत्येकाची नाणेफेक वेगळी. शिवाय बदल आला म्हणजे आजार आलाच असंही नाही. एकाच घरात कुणाचा स्नायू विशीत जाड होतो, तर कुणाचा इको म्हातारपणीही स्वच्छ असतो.

रिपोर्टमध्ये कधीकधी 'अर्थ अनिश्चित' असा बदल येतो. तो ना होकार, ना नकार. त्याच्या भरवशावर भावंडांना निर्धास्त करू नका आणि घाबरवूही नका. काही वर्षांनी त्याचं वर्गीकरण बदलू शकतं, म्हणून अधूनमधून पुन्हा विचारायचं.

गटात सगळे एकाच आजाराचे असतील तर उत्तम. आमच्यात लाँग क्यूटीची, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराची एक मुलगी होती. त्या आजाराच्या एका प्रकारात पोहणं धोक्याचं, दुसऱ्यात अचानक वाजलेला गजरसुद्धा. ते ऐकून मी घरी येऊन स्वतःचा गजर बंद केला होता! दुसऱ्याचं पथ्य आपल्या घरी आणू नका.

आता दुसरी यादी, एकट्याच्या वेळेसाठी. घरात तरुणपणी अचानक कोण गेलं ते आधी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून न्या. झोपेत गेलेले, पोहता येत असून बुडालेले, कारण न कळलेल्या अपघातातले, सगळे. गरोदरपणाचे बेत, विम्याचे प्रश्न, कुणाला सांगायचं नाही, हेही तिथेच.

माझ्या यादीत शेवटी भाऊ होता. आमचं बोलणं बंद होतं. समुपदेशकांनी नातेवाइकांसाठीचं पत्र लिहून दिलं: आजार कोणता, तपासणी कोणती, भेटायचं कुणाला, एवढंच. मी ते पोस्टाने पाठवलं. भावाचा फोन आला नाही. वहिनीचा आला, मुलीच्या इकोची तारीख सांगायला.