क्लातेनकडे भातजमीन आणि घर घ्यायचं म्हणता, तर आधी कागद आणि मग गाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी इंडोनेशियात, सुराबायाला, बायको मध्य जावातल्या क्लातेनची, सासरे थकलेत. घरची साधारण २५ गुंठे भातजमीन चार भावंडांत वाटायची आहे आणि शेजारचं जुनं घर परसासकट विकाऊ आहे. निवृत्तीनंतर तिकडेच राहायचा विचार आहे, आणि एजंट म्हणतो, "परदेशी आहात ना, मग ड्रायव्हरच्या नावावर करून टाका." माझं सासर त्याच जिल्ह्यातलं, मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे, त्यामुळे ही सगळी कागदपत्रं आमच्याही घरात फिरली आहेत.

एजंटचा सल्ला सरळ कचऱ्यात टाका. १९६० च्या कृषी-भूमी कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. त्याच कायद्याचं २६ वं कलम म्हणतं की परदेशी माणसाच्या हाती ही मालकी आडमार्गाने पोचवणारा व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे ड्रायव्हर प्रामाणिक निघाला तरी तुम्ही बुडालात, आणि लबाड निघाला तर कोर्टाची पायरीही चढता येणार नाही. बालीत असे करार सर्रास होतात हे मला माहीत आहे. त्यातले किती रडत बसलेत तेही ऐकून आहे. आणि हे काही स्वतंत्र इंडोनेशियाने काढलेलं खूळ नाही. स्थानिकांची जमीन परक्याला विकायला डचांनीच १८७५ साली बंदी घातली होती. परदेशी माणसाला 'हाक पाकाई' म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो, पण तो घरासाठी, भातशेतीसाठी नाही. शिवाय घराची किमान किंमत प्रांतवार ठरलेली असते, खेड्यातलं घर त्यात सहसा बसत नाही.

तुमचा रस्ता बायकोच्या नावाने जातो, पण तिथेही एक खाच आहे. १९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची सामाईक. सामाईक म्हणजे अर्धी परदेशी माणसाची, आणि तसं झालं की तिचीही हाक मिलिक अडचणीत. पूर्वी यावर तोडगा म्हणजे लग्नाआधीच मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार, आणि तो कुणाच्या लक्षात असतो? २७ ऑक्टोबर २०१६ ला घटना न्यायालयाने निकाल दिला की असा करार लग्न चालू असतानाही करता येतो. तेव्हा आधी नोटारिसकडे करार, मग लग्नाची नोंद ज्या कार्यालयात आहे तिथे त्याची नोंद, आणि त्यानंतरच खरेदी. हा क्रम उलटा करू नका. वडिलांकडून तिला वारसाने येणारा हिस्सा मात्र कायद्याने तिचाच राहतो, सामाईक होत नाही. तिच्या पश्चात तुम्ही वारस ठरलात तर एका वर्षाच्या आत तो हक्क तुम्हाला सोडावा लागेल, म्हणून मुलांच्या नागरिकत्वाचा प्रश्न आत्ताच घरात बोलून घ्या.

घर आणि शेत यांचे नियम वेगळे, हेही बघा. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात (तिथलं केचामातान) किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा हवा, असा १९६१ चा नियम आहे. गावाबाहेर बसून शेती धरून ठेवणाऱ्या जमीनदाराला आळा घालण्यासाठी तो आला. अंमलबजावणी ढिली आहे, पण खरेदीखत करणारा अधिकारी, म्हणजे पेपेआते, ओळखपत्रावरचा पत्ता बघतोच. सुराबायाचा पत्ता घेऊन शेत नावावर करायला गेलात तर तिथेच गाडी अडेल. परसाच्या जागेला, म्हणजे पेकारांगानला, ही अट नाही. आणि भातशेतात घर बांधू म्हणाल तर विसरा. जमिनीचा प्रकार बदलून घ्यावा लागतो, २००९ पासून संरक्षित भातजमिनीचा कायदा आहे, आणि क्लातेन म्हणजे देलांगगूच्या रोजोलेले तांदळाचा जिल्हा. तिथे हिरव्या पट्ट्यातली, म्हणजे शेतीसाठी राखलेली, जमीन सुकवून बांधकामाला घ्यायची परवानगी सहज मिळत नाही.

आता कागद. आपल्याकडे सातबारा बघतात तसं इथले लोक 'लेटर से' दाखवतात. ती गावच्या कार्यालयातल्या जुन्या वहीतली नोंद; मुळात करवसुलीसाठी ठेवलेली, मालकीचा दाखला म्हणून नव्हे. गिरिक, पेतोक ही त्याचीच भावंडं. २०२१ च्या सरकारी नियमाने या जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली होती, ती २ फेब्रुवारी २०२६ ला संपली. त्यानंतर ते फक्त दिशा दाखवायला, पुरावा म्हणून नाही. २०१७ पासून सरकारने गावंच्या गावं मोजून सर्टिफिकाट, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, वाटायची मोहीम चालवली, त्यात शेजारच्या घराचा नंबर लागलाय का ते आधी विचारा. सर्टिफिकाट असेल तर त्याचा नंबर भूमी कार्यालयात तपासून घ्या, नसेल तर विक्रेत्यानेच आधी काढून द्यावं, पैसे मग. खर्चात खरेदीदाराचा ५ टक्के कर आणि विक्रेत्याचा अडीच टक्के; गावाकडे विक्रेत्याचा करही तुमच्याच गळ्यात घालायची पद्धत आहे, ते किंमत ठरवतानाच बोला.

पण खरं घोडं पेंड खातं ते भावंडांच्या सह्यांवर. जावात दोन रीती चालतात. एक 'सेपिकुल सेगेंदोंग': मुलाला कावडीचे दोन भार, मुलीला पाठीवरची एक पाटी, म्हणजे शरियतचाच दोनास एक. दुसरी सरळ समान वाटणी. बहुतेक घरांत ज्याने आईवडिलांना सांभाळलं त्याला घर जातं, बाकीचे समजून घेतात, आणि कागदावर काहीच होत नाही. मग वीस वर्षांनी विकायची वेळ येते तेव्हा एक भाऊ सरकारी स्थलांतर योजनेत सुमात्रातल्या लांपुंगला गेलेला, एक बहीण मलेशियात घरकामाला, एकाचा मृत्यू झालेला आणि त्याची मुलं जकार्तात. सगळ्यांच्या सह्या लागतात. म्हणून हे व्यवहार लेबारानच्या, म्हणजे रमजान ईदच्या, आठवड्यात होतात. ईदला सगळे गावी आलेले असतात, जेवणं झाली की वडीलधारी मंडळी विषय काढतात. तुमच्या सासऱ्यांची वाटणीही पुढच्या लेबारानला त्यांच्या हयातीतच, गावप्रमुखासमोर लिहून घ्या. हे जावई म्हणून तुम्ही बोलू नका, बायकोने बोलावं.

कुणी स्वस्तात जमीन देतो म्हणाला तर ती बेंगकोक तर नाही ना, बघा. गावप्रमुख आणि गावकामगार यांना पगाराऐवजी कसायला दिलेली ही गावची जमीन. ती भाड्याने देतात, विकता येत नाही. गावच्या खजिन्याची जमीनही तशीच. २०२३ साली शेजारच्या स्लेमानमध्ये अशाच गावजमिनीवर घरं उभी राहिली आणि गावप्रमुखावर अटकेची वेळ आली. जाता जाता: प्राम्बानानच्या देवळापाशी जिल्ह्याची हद्द संपून योग्यकर्ता सुरू होतं, तिथे सुलतानाची जमीन हा स्वतंत्रच प्रकार आहे. क्लातेनमध्ये शिकलेलं ज्ञान पलीकडे वापरू नका.

उत्पन्नाचं विचारलंत. २५ गुंठे म्हणजे पाव हेक्टर, आणि अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असलेला तो इथल्या भाषेत 'पेतानी गुरेम'. २०२३ च्या कृषी गणनेत देशात अशी सुमारे १.६९ कोटी कुटुंबं निघाली, दहा वर्षांपूर्वी ती १.४२ कोटी होती. तुमच्या बायकोचा हिस्सा सहा गुंठ्यांचा. सगळा तुकडा एकत्र धरला तरी हंगामाला दीड टनाच्या आसपास भात, सरकारी हमीभाव २०२५ पासून किलोला ६,५०० रुपिया, म्हणजे हातात एक कोटी रुपिया. आकडा ऐकून हुरळू नका, भारतीय रुपयांत ते पन्नास-पंचावन्न हजार. शेत तुम्ही कसणार नाही, तर 'मारो'ने द्याल, म्हणजे आपली अर्धेली. खत-बियाणं कुणाचं यावर निम्मं कमी-जास्त होतं. उरलेल्या पंचवीस हजारांचे चार वाटे करा. झरे बारमाही असल्यामुळे वर्षाला दोन-तीन पिकं निघतात हे खरं, पण तुडतुडा किंवा उंदीर लागले की एक हंगाम गेलाच. उंदरांसाठी शेताला विजेची तार लावायची कल्पना कुणी दिली तर हात जोडून नाही म्हणा. स्रागेन आणि न्गावीकडे त्या तारांनी उंदरांपेक्षा जास्त बातम्या माणसांच्या मरणाच्या आणल्या.

कापणी बघायला जाल तर कादंबरीतलं चित्र मिळणार नाही. बायांनी हातातल्या छोट्या आनी-आनीने एकेक लोंबी कापायची आणि वाट्याला भात न्यायचा हे मागे पडलं. आता व्यापारी उभं पीक बघून बोली लावतो, त्याला 'तेबासान' म्हणतात, आणि कापणी, मळणी, वाहतूक सगळं त्याचं. शेतकऱ्याला रोख मिळते, भावाच्या चढउताराची डोकेदुखी जाते. मला ही पद्धत वाईट वाटत नाही, पण सासूबाई म्हणतात, घरात नव्या भाताचा वास नाही आला तर हंगाम कसला. लावणी मात्र अजून बायकाच करतात, मागे सरकत सरकत, आणि त्या वयस्क आहेत. पुढच्या पिढीतली मुलगी चिखलात उतरायला तयार नाही, कपड्यांच्या कारखान्यात जाते.

गावातल्या लोकांना जमिनीबद्दल एकदम विचारू नका. डच काळात याच पट्ट्यात ऊस आणि तंबाखूचे मळे होते. कारखाना आलटून पालटून गावच्या जमिनी उसाखाली घ्यायचा. १९६४ मध्ये जमीन-सुधारणेचा कायदा अमलात येत नाही म्हणून डाव्या शेतकरी संघटनेने क्लातेनमध्ये परस्पर जमिनी ताब्यात घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी डाव्यांचं जे हत्याकांड झालं त्यात हे हिशेबही चुकते झाले. कुणाचं शेत कुणाकडून आलं हा प्रश्न आजोबांच्या पिढीत आजही जपून बोलण्याचा आहे. कुणी परका चार तुकडे गोळा करायला लागला की गाव गप्प होतं. ती संमती समजू नका.

घराचं सांगते. २७ मे २००६ चा भूकंप गांतिवार्नो, वेदी या भागात फार वाईट होता. विटांच्या बिनखांबी भिंती बसल्याच. घर त्याआधीचं असेल तर काँक्रीटचे खांब आणि वरचा पट्टा आहे का ते गवंड्याकडून बघून घ्या. नवं बांधायचं तर सासरे दोघांच्या जन्मवारांची बेरीज करून दिवस काढतील: सात वार आणि लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन हे पाच बाजारवार, प्रत्येकाला आकडा. विश्वास असो नसो, दिवस त्यांनाच काढू द्या. पहिल्या विटेला शेजारी येतील ते त्यामुळेच.

आणि शेजारी यावे लागतातच. रात्रीची गस्त पाळीपाळीने असते. दारावर टांगलेल्या डबीत नाणं किंवा मूठभर तांदूळ ठेवायचे, गस्तवाले ते गोळा करतात. तुमच्या पाळीला तुम्ही नसाल तर पैसे देऊन सुटका होते, पण दर वेळी तसं केलंत तर लोक बोलत नाहीत, फक्त तुम्हाला कुठे बोलावत नाहीत. लग्नकार्यात बायकोला दोन दिवस आधीपासून त्या घरच्या स्वयंपाकात हजर राहावं लागेल, याला 'रेवांग' म्हणतात, आणि पाकिटात किती घातले ते वहीत लिहून ठेवतात. उद्या तुमच्याकडे कार्य निघालं की तेवढेच परत. निवृत्तीच्या हिशेबात हा अहेर धरा. लग्नाचा महिना आला की निवृत्तिवेतनधारक लोक खरोखर कर्ज काढतात. कुणी गेलं तर मशिदीच्या लाउडस्पीकरवरून कळतं, आणि हातातलं काम टाकून जायचं. एवढं पाळलंत तर परदेशी असणं कुणी काढत नाही.

खाण्याचं तुम्ही कंसात विचारलंय, पण मला वाटतं तोच तुमचा खरा प्रश्न आहे. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, पेचेल (शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या), नारळाच्या रसातली फणसाची भाजी, काही कमी पडत नाही. फक्त संबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, आंबवलेल्या कोळंबीची तेरासी असते आणि लोक ती मांसाहारात धरतच नाहीत, तेव्हा शाकाहारी असाल तर "तेरासी नको" हे वेगळं सांगा.

माझं मत विचाराल तर: शेताचा हिस्सा बायकोने सोडू नये, पण वाढवूही नये. तो भावालाच मारोने कसू द्या. घर घ्या, परसासकट, करार झाल्यावर, तिच्या नावाने. तो करार होईपर्यंत त्याच गावात एखादं घर वर्षाच्या भाड्याने घेऊन एक पावसाळा आणि एक लेबारान काढा. तेवढ्यात बायकोला तिथे खरंच राहायचंय का तेही कळेल, कारण गाव सोडून शहरात गेलेल्या जावानीज मुलींना परत यायचं असतंच असं नाही.

घरपट्टीच्या पावतीवर कुणाचं नाव येतं आणि चौघांपैकी कुणी बाहेरदेशी आहे का, एवढं इथे लिहा. तालुका कोणता तेही सांगा, मग पुढचं बोलू.