वाचकांचे प्रश्न : चार एक्के, एक व्रण आणि कवटीची माळ

मागील अंकात दिग्दर्शक जूल्यो पेत्रोनी यांच्या ‘दा उओमो आ उओमो’ (१९६७) या इटालियन वेस्टर्नचा, म्हणजे काऊबॉयपटाचा, ओझरता उल्लेख झाला होता. इंग्रजीत ‘डेथ राइड्स अ हॉर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सूडपटाविषयी बेळगाव आणि सीमाभागातून जी पत्रे आली, त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे. पहिल्या उत्तरात कथेतील मुख्य रहस्य उघड केले आहे. ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा असेल, त्यांनी ते उत्तर नंतर वाचावे.

प्रश्न : इटालियन दिग्दर्शक सेर्जो लिओने यांचे वेस्टर्न जगभर गाजले. त्यांच्या सावलीत राहिलेल्या या चित्रपटावर मोजके रसिक इतका जीव का टाकतात? आम्ही मित्रांनी तो ऐन पावसाळ्यात एकत्र पाहिला. आमच्यापैकी एकाच्या मते ही लिओने यांची नक्कल आहे. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आपण तो पावसाळ्यात पाहिलात हे चांगले झाले, कारण धूळ आणि रणरणते ऊन यांनी ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटप्रकारात पेत्रोनी आपली कथा भर पावसाच्या रात्री सुरू करतात. दोन लाख डॉलर घेऊन निघालेली गाडी वादळामुळे एका कुटुंबाच्या वाडीवर थांबते, दरोडेखोर येतात, पहारेकऱ्यांना मारतात, मग घरात शिरून बाप, आई आणि मुलगी यांचा जीव घेतात आणि घर पेटवून निघून जातात. लपलेला लहान मुलगा बिल हे सारे पाहतो, परंतु त्याच्या स्मरणात संपूर्ण माणसे राहत नाहीत, राहतात त्या फक्त खुणा : एकाच्या छातीवरचे चार एक्क्यांचे गोंदण, एकाच्या चेहऱ्यावरचा व्रण, एकाच्या कानातली बाळी, बुटाच्या टाचेला लावलेली काटेरी चकती आणि गळ्यातली कवटीची माळ. पंधरा वर्षांनी तरबेज नेमबाज झालेला बिल या तुकड्यांवरून माणसे शोधायला निघतो, आणि भीतीने गोठलेल्या मुलाची स्मृती जशी असेल तशीच ती चित्रपटभर जपली जाते, हे मला पटकथेचे सर्वांत मोठे बळ वाटते.

त्याच सुमारास रायन नावाचा एक वयस्क कैदी पंधरा वर्षांची सक्तमजुरी भोगून तुरुंगातून बाहेर पडतो. ज्या टोळीने त्याला दगा देऊन आत पाठवले तीच बिललाही हवी आहे. रायनला मात्र आधी त्यांच्याकडून आपल्या गेलेल्या वर्षांचे पैसे वसूल करायचे आहेत, त्यामुळे बिलने त्यांना आधीच ठार करणे त्याला परवडणारे नाही. दोघे एकमेकांना मागे टाकू पाहतात, एकमेकांचा घोडा पळवतात, एकमेकांना सोडवतात आणि या चढाओढीतून दोघांमध्ये बाप आणि मुलगा यांच्यासारखे नाते तयार होते. तरुणाला घाई आहे, म्हाताऱ्याला धीर आहे, आणि शिकवणारा कोण व शिकणारा कोण हे प्रेक्षकाला आपोआप कळत जाते.

मग कवटीची माळ दिसते, आणि ती रायनच्या गळ्यात असते. त्या रात्री तो टोळीतच होता. उशिरा पोहोचला, हत्या त्याने केली नाही, उलट जळत्या घरातून त्या मुलाला त्यानेच बाहेर काढले, तरीही तो त्यांच्यातला एक होता. बिलने ज्याला मनोमन गुरू मानले, त्याचेच नाव त्याच्या यादीत शेवटी शिल्लक उरते. सूडाची कथा सांगणारे पुष्कळ चित्रपट शेवटच्या खलनायकाला अधिकाधिक क्रूर करत नेतात, म्हणजे त्याला मारताना प्रेक्षकाला अवघडल्यासारखे होत नाही. येथे शेवटचा माणूस आपल्याला आवडू लागलेला असतो, आणि म्हणूनच अखेरच्या प्रसंगात बिलच्या हातातले पिस्तूल पाहताना श्वास अडकतो.

आता नकलेच्या आरोपाविषयी. साधर्म्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही, कारण माणसे तीच आहेत. पटकथाकार लुचानो विन्चेन्झोनी यांनी लिओने यांच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) आणि ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या चित्रपटांच्या लेखनात भाग घेतला होता, संगीत एन्नियो मोर्रिकोने यांचे आहे, आणि रायनची भूमिका करणारे ली व्हॅन क्लीफ, लुइजी पिस्तिल्ली व मारियो ब्रेगा हे तिघेही नट लिओने यांच्या पडद्यावर आधी येऊन गेलेले आहेत. परंतु आपल्या मित्राला एवढे जरूर विचारावे की १९६५च्या चित्रपटात ली व्हॅन क्लीफ कोण होते? बहिणीच्या मृत्यूचा सूड घेणारे कर्नल मॉर्टिमर. दोनच वर्षांनी विन्चेन्झोनी यांनी त्याच नटाला त्याच धीरगंभीर चेहऱ्यासह पलीकडच्या बाजूला उभे केले, म्हणजे ज्याच्याकडून सूड घ्यायचा त्या बाजूला. आधी लिहिलेल्या कथेला स्वतःच उलट प्रश्न विचारणाऱ्या लेखकाच्या कामाला मी नक्कल म्हणणार नाही.

दोष नाहीत असे नाही. मेक्सिकोतील खेड्याच्या रक्षणाचा उत्तरार्धातील भाग आपण इतरत्र पुष्कळदा पाहिलेला आहे आणि तेथे कथेचा वेग मंदावतो. बिलची भूमिका करणारे जॉन फिलिप लॉ यांच्या अभिनयाला अनेक जण लाकडी म्हणतात. मला मात्र ते ताठरपण त्या पात्राला शोभते असे वाटते, कारण ज्या मुलाने पंधरा वर्षे एकाच विचारावर काढली, त्याच्या चेहऱ्यावर सहजता कोठून येणार? ली व्हॅन क्लीफ यांच्याविषयी तर कोणाचे दुमत होईल असे वाटत नाही. डोळे बारीक करून समोरच्याला जोखणारी त्यांची नजर येथे प्रथमच थकलेली आणि किंचित मायाळू दिसते, आणि माझ्या मते हे त्यांच्या उत्कृष्ट कामांपैकी एक आहे.

प्रश्न : या चित्रपटाचे संगीत ऐकल्यावर ते आधी कोठेतरी ऐकले आहे असे वाटत राहिले. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : बहुधा आपण ते क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या ‘किल बिल’च्या पहिल्या भागात (२००३) ऐकले असावे, तेथे मोर्रिकोने यांची हीच धून वापरली आहे. पेत्रोनी यांच्या चित्रपटात बिलला एखादी खूण ओळखू आली की पडदा लाल होतो, त्याच्या डोळ्यांवर त्या रात्रीची दृश्ये उमटतात आणि संगीत एकदम अंगावर येते. ‘किल बिल’ची नायिका आपल्या शत्रूला ओळखते तेव्हाही असेच घडते, हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यास सहज लक्षात येईल. शीर्षकसंगीतातील पुरुषांचा समूहस्वर मला विशेष प्रिय आहे. त्यात गाण्यापेक्षा आरोळी अधिक आहे आणि कोणीतरी दुरून जाब विचारीत असल्यासारखा तो वाटतो.

प्रश्न : आम्हाला इंटरनेटवर याच्या इंग्रजी आणि इटालियन अशा दोन्ही प्रती मिळाल्या. मूळ कोणती मानावी? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : दोन्ही. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज सहसा ठेवत नसत. संवाद, घोड्यांच्या टापा आणि गोळ्यांचे आवाज नंतर स्टुडिओत भरले जात. अमेरिकी नट इंग्रजीत बोलत, इटालियन व स्पॅनिश नट बरेचदा आपापल्या भाषेत बोलत, आणि मग प्रत्येक देशासाठी स्वतंत्र ध्वनिपट तयार होई. त्यामुळे कोणतीही प्रत घेतली तरी कोणाच्या तरी ओठांशी शब्द जुळणार नाहीत. या चित्रपटापुरते सांगायचे तर, ली व्हॅन क्लीफ यांचा स्वतःचा आवाज हवा असल्याने मी इंग्रजी प्रत सुचवेन. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दख्खनी उर्दू ऐकत वाढलेल्या आपल्या भागातील प्रेक्षकाला अशा बहुभाषी चित्रपटाची अडचण वाटू नये.

प्रश्न : ‘जंजीर’मध्येही लहान मुलगा आई-वडिलांची हत्या पाहतो आणि त्याला मारेकऱ्याची एकच खूण आठवते. हे साम्य योगायोगाने आले असेल का? (एक वाचक, रामदुर्ग)

उत्तर : सलीम-जावेद यांनी लिहिलेला आणि प्रकाश मेहरा यांनी दिग्दर्शित केलेला ‘जंजीर’ १९७३चा आहे, म्हणजे पेत्रोनी यांच्या चित्रपटानंतर सहा वर्षांनी आलेला. कपाटात लपलेला मुलगा, न दिसलेला चेहरा आणि मनगटावरच्या साखळीतला घोडा हे पाहिले की चार एक्क्यांचे गोंदण आठवते हे खरे आहे. परंतु केवळ साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही, आणि लहानपणी पाहिलेला अन्याय मोठेपणी फेडणारा नायक ही कल्पना कोणा एका देशाची नाही. मला दोहोंतील फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘जंजीर’मधली एकमेव खूण विजयला शत्रूपर्यंत नेते, त्यामुळे त्याचा राग अखेरपर्यंत निखळ राहतो आणि १९७३च्या प्रेक्षकाला तोच निखळ राग हवा होता. बिलची शेवटची खूण मात्र त्याला मित्रापर्यंत नेते. शेरखान आणि विजय यांच्या मैत्रीवर असे सावट कधीच येत नाही. दोन्ही चित्रपट मला प्रिय आहेत, पण मनात अधिक काळ रेंगाळतो तो रायन.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे आणि त्याला काऊबॉयचे चित्रपट आवडतात. त्याला हा दाखवावा का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : आणखी काही वर्षे थांबावे. पहिल्याच प्रसंगात आई आणि मुलीवरील अत्याचार सूचित होतो आणि तो लहान मुलाच्या नजरेतून दाखवलेला असल्याने आठवीतल्या मुलाला फारच जवळून भिडेल. तो भाग गाळून उरलेला चित्रपट दाखवण्यातही अर्थ नाही, कारण बिल पुढे जे काही करतो ते त्या रात्रीमुळेच करतो. मुलगा मोठा झाल्यावर मात्र आपण दोघांनी हा चित्रपट शेजारी बसून पाहावा, आणि तो आवडल्यास पेत्रोनी यांचाच ‘तेपेपा’ (१९६९) नंतर लावावा. मेक्सिकन क्रांतीच्या त्या कथेत तोमास मिलियान यांच्यासमोर ऑर्सन वेल्स आहेत.