कोकण किनाऱ्यावर गाडी नियमित धुणे आणि पॉलिश करणे खरोखर फायद्याचे आहे का?

रत्नागिरी-मालवणसारख्या किनारी गावात गाडी नियमित धुणे निश्चितच फायद्याचे आहे, वारंवार पॉलिश करणे मात्र नाही. खाऱ्या वाऱ्यातले मीठ पत्र्यावर ओलावा धरून ठेवते आणि गंजण्याचा वेग वाढवते. म्हणून आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुताना चाकांच्या वरचा आतील भाग, दरवाजांच्या खालच्या कडा आणि विशेषतः गाडीचा तळ स्वच्छ करावा, कारण गंज बहुधा न दिसणाऱ्या जागीच सुरू होतो. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक मात्र त्याच दिवशी काढावा. पॉलिशमधील बारीक घर्षक कण रंगावरचा पारदर्शक थर दरवेळी थोडा झिजवतात; हा थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉनच (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि झिजलेला भाग परत येत नाही. त्यामुळे ओरखडे किंवा फिकेपणा स्पष्ट दिसू लागल्यावरच पॉलिश करावे आणि एरवी काही महिन्यांनी मेणाचा लेप द्यावा. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याची सर्रास दिसणारी पद्धत तर बंदच करावी, कारण त्याने रंगावर बारीक ओरखडे पडतात. गाडी समुद्रापासून दूर आणि बंदिस्त जागेत उभी राहत असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा धुणेही पुरते.