घरातलं सामान विकून कर्ज फिटतं का?

जळगावला समुपदेशन करताना पैशाच्या टेन्शनमधली जी घरं माझ्याकडे येतात त्यातल्या बायका हमखास विचारतात, ताई घरात इतकं सामान पडलंय, माळा भरलाय, दिवाण भरलाय, सगळं विकून टाकलं तर कर्ज फिटेल का, आणि त्याला लागूनच पुढचं वाक्य येतं, पण भंगारवाल्याला दारात बोलावलं तर गल्लीत सगळ्यांना समजेल ना. मला विचाराल तर हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. पहिल्याचं उत्तर सरळ आहे, नाही फिटत. पसाऱ्याच्या पैशातून कर्जाचा एखादा कोपरा निघतो, बस. पण कोणता कोपरा आधी काढायचा हे कळलं तर खूप फरक पडतो, म्हणून एका घराचं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई पस्तिशीतली, माहेर सासर दोन्ही अमळनेरकडचं, आता राहतात पिंप्राळ्याकडे. मिस्टर एमआयडीसीत चटईच्या कंपनीत सुपरवायझर. सासूबाई सोबत, दोन पोरं शाळेत. ताई घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. तिच्या हिशोबाने कर्ज दोन, नणंदेच्या लग्नासाठी मिस्टरांनी काढलेलं पर्सनल लोन, त्याचे १ लाख ९० हजार बाकी, आणि तिच्या नावावर बायकांच्या ग्रुपचं लोन, ते ४० हजार. शिवाय माहेरच्या भावाकडून हातउसने घेतलेले थोडे, ज्याबद्दल बोलताना तिला सगळ्यात जास्त रडू येत होतं. तिचं म्हणणं, हप्ते तर सगळे वेळेवर जातात मग पगार दहा तारखेलाच का संपतो. रात्री झोप नाही, पोरांवर विनाकारण ओरडणं, आणि घरात पाय ठेवला की पसारा बघून डोकं भणाणतं असं ती म्हणाली.

मी तिला काही टाकायला किंवा विकायला सांगितलं नाही. एक वही घे म्हटलं, मिस्टरांना सोबत घे, आणि दोघं मिळून घरभर फिरा, गेल्या तीन वर्षांत दोन हजारांच्या वरचं जे जे घरात आलं ते लिहा, त्याच्यापुढे पैसे कसे दिले ते लिहा, आणि त्याच्यापुढे मागच्या महिन्यात वापरलं का ते. बाकी काही करू नका. हे काम मी बहुतेकांना देते, कारण कर्जाचा आकडा माणूस लपवू शकतो, माळ्यावरचं खोकं लपवता येत नाही.

पुढच्या वेळेस दोघं आले. वहीची दोन पानं भरलेली होती आणि ताईचे मिस्टर, त्यांना मी भाऊ म्हणते, खाली मान घालून बसलेले. झालं असं होतं की माळ्यावरून एअर फ्रायरचं खोकं निघालं, सीलची टेप तशीच, आत थर्माकोल तसाच, वर बिल चिकटवलेलं. दसऱ्याच्या ऑफरमधलं. ताईने विचारलं हे कधी आणलं, भाऊ म्हणाले तुला सरप्राईज द्यायचं होतं मग त्याच आठवड्यात आईचं दुखणं निघालं, राहून गेलं. मग पैसे कुठून दिले हा प्रश्न आला आणि त्यातून क्रेडिट कार्ड बाहेर पडलं, जे तिला माहीतच नव्हतं. कार्डावर ८० हजार थकलेले. मोबाईल, पाहुण्यांना आहेर, आईची औषधं, फ्रायर, सगळं त्याच्यावर. भाऊ दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरत होते आणि मनापासून समजत होते की आपण कर्ज फेडतोय.

इथे मी कागद घेऊन हिशोब मांडला, तोच इथेही मांडते कारण तो बऱ्याच घरांना लागू पडेल. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, बऱ्याच कार्डांचं त्याच्या आसपासच असतं. ८० हजारांवर झाले २,८००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५०४. एकूण ३,३०४. आणि मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के म्हणजे ४,०००. म्हणजे चार हजार भरले तर मुद्दल कमी झाली फक्त सातशेच्या आसपास, आणि त्याच महिन्यात कार्डावर हजाराचं पेट्रोल टाकलं की कर्ज उलट वाढलं. भाऊंनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले मॅडम मी दीड वर्ष नुसतं पाणीच भरत होतो. ताई चिडली, रडली, ते साहजिकच होतं आणि मी ते थांबवलं नाही, फक्त त्या दिवशी घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं हे ठरवूनच त्यांना पाठवलं.

कारण सासूबाईंना काहीच माहीत नव्हतं आणि सगळी अडवणूक त्यांच्याकडूनच होतेय असं ताईला वाटत होतं. त्या कुठल्याच वस्तूला हात लावू देत नव्हत्या. तुटकी खुर्ची, लोडशेडिंगच्या काळातला इन्व्हर्टर, डब्बा टीव्ही, रुखवतातले स्टीलचे डबे, सगळं राहू दे, लागेल. आता विचार करा, घरात कर्ज आहे हे त्यांना सांगितलेलं नाही, त्यांना दिसतंय एवढंच की सून त्यांचा संसार उचलून बाहेर काढतेय. त्या अडवणारच. मी म्हटलं आकड्यासकट सांगा, लेकानेच सांगायचं, आणि त्यांच्या वस्तूंबद्दल निर्णय त्याच घेतील हेही त्याच वेळी सांगायचं.

त्यांनी सांगितलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दिवाण उघडला. तांब्याचा एक मोठा हंडा तेवढा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मन्ही मायना हंडा शे हाऊ, हाऊ नही." म्हणजे माझ्या आईचा हंडा आहे हा, हा नाही. बाकी पितळाची परात, दोन घागरी, जुना बंब, भोक पडलेली कळशी, सगळं बाहेर. आणि पुढे जे झालं ते मला फार आवडलं, की ते सामान दारावरच्या भंगारवाल्याला द्यायला त्यांनीच साफ नकार दिला. तो सगळं मिळून एक भाव लावतो म्हणे. त्यांनी तांबं वेगळं, पितळ वेगळं, बंबाचे लोखंडी पाय वेगळे काढायला लावले, किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी वजन करून घेतलं, कागदावर लिहिलं, आणि मग लेकाला घेऊन भांड्याच्या दुकानात मोड द्यायला गेल्या. दुकानदार म्हणाला मोडीच्या बदल्यात नवीन भांडी घ्या, भाव जास्त लावतो. सासूबाई म्हणाल्या भाव कमी लाव पण रोख दे. पितळ-तांब्याचा भाव रोज बदलतो, त्यामुळे आकडा सांगत नाही, पण दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय मोड देऊ नका आणि धातू वेगवेगळे केल्याशिवाय तर नकोच.

गल्लीत समजेल ही भीती मात्र एवढ्याने जात नाही. आपल्याकडे घरातून भांडी बाहेर निघाली की लोक म्हणतात दिवाळं निघालं. ताईला मी विचारलं, श्रावणात कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसवायच्या आधी तू घर झाडून काढतेस, रंग देतेस, अडगळ बाहेर टाकतेस तेव्हा कोणी काही म्हणतं का? नाही ना. श्रावण जवळ होताच. त्यांनी ते काम त्याच आठवड्यात घेतलं आणि कोणी एक शब्द विचारला नाही. मला यात लपवाछपवी वाटत नाही. बाहेरच्यांना कर्जाचा हिशोब द्यायला आपण बांधील नाही, घरातल्यांना आहोत, आणि या घरात नेमकं उलट चाललं होतं.

काय विकायचं नाही हेही तितकंच ठरवावं लागतं, घाईत माणूस चुकीची वस्तू आधी काढतो. ताई शिलाई मशीन विकायला निघाली होती कारण त्याला पटकन गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं जी वस्तू महिन्याला पैसे आणते ती शेवटपर्यंत हलवायची नाही. कूलरही नाही, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आता दोन हजारात कूलर द्यायचा आणि एप्रिलमध्ये हप्त्यावर नवीन आणायचा याला काही अर्थ नाही. आणि हंडा नाही. त्याचे येतील तेवढ्या पैशाने व्याजात काही फार फरक पडला नसता, सासूबाईंचं मन मात्र कायमचं मोडलं असतं, आणि या सगळ्यात त्या सोबत असणं जास्त गरजेचं होतं.

जुन्या कपड्यांचं गाठोडं निघालं तेव्हा ताई म्हणाली भांडेवालीला देते, एक स्टीलची टाकी तरी येईल. मी नको म्हटलं. भांडेवालीच्या पोटाशी माझं काही वैर नाही, पण ज्या घरात डबे ठेवायला जागा नाही तिथे आणखी एक टाकी कशाला? सुती साड्या, धोतरं सासूबाईंनी गोधडीला ठेवली, पोरांचे चांगले कपडे भाच्यांना गेले, उरलेले भांडेवालीला तसेच दिले, बदल्यात काही न घेता. एक्स्चेंज ऑफरचंही तेच, जुना मिक्सर आणा पाचशे सूट मिळवा, आणि उरलेले साडेतीन हजार नो कॉस्ट ईएमआयवर. कर्ज फिटेपर्यंत त्या दुकानाच्या पायरीवरसुद्धा जायचं नाही असं मी स्पष्ट सांगते.

इलेक्ट्रिकच्या वस्तूंना थोडी वेगळी काळजी लागते. इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची, आत ॲसिड, ती भंगारात फोडायला द्यायची नाही, बॅटरीच्या दुकानात वजनावर पैसे मिळतात आणि ती रीतसर परत जाते. डब्बा टीव्हीच्या काचेतही शिसं असतं आणि त्याला किंमत जवळजवळ काही येत नाही, पण म्हणून तो नाल्यात टाकायचा नाही, २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला पाहिजे, नगरपालिका किंवा महापालिकेच्या ई-कचरा गोळा करण्याच्या दिवशी द्या नाहीतर कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा. वायरी जाळून तांबं काढायचं तर अजिबात नाही, तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. जुने दोन मोबाईल गोलाणी मार्केटला विकले, पण आधी सिम आणि मेमरी कार्ड काढून, अकाउंट लॉगआउट करून, फॅक्टरी रिसेट मारून. एकात भाऊंचं बँकेचं ॲप तसंच चालू होतं.

सगळं मिळून, फ्रायरसकट, २३ हजारांच्या आसपास आले. बघा, महिनाभराची मेहनत, एकूण कर्ज तीन लाखांच्या वर, आणि हातात एवढेच. ताईचा चेहरा उतरला. पण एक गोष्ट आम्ही आधीच ठरवली होती, ज्या दिवशी पैसे येतील त्याच दिवशी ते कार्डात भरायचे, घरात एक रात्रही ठेवायचे नाहीत, कारण घरातले सुटे पैसे भाजीत आणि रिक्षात कधी विरतात ते कळतसुद्धा नाही. २३ हजार कार्डात गेले म्हणजे दर महिन्याचं साधारण ९५० रुपये व्याज जीएसटीसकट बंद झालं. ग्रुपच्या लोनमध्ये घातले असते तर एवढं वाचलं नसतं. त्या लोनचा हप्ता बुडवायचा नाही, ग्रुपमधल्या शेजारच्या बायकांवर बोजा येतो, पण जादाचा पैसा आधी सगळ्यात महागड्या कर्जात.

राहिले ५७ हजार. ताईची एक पोत होती, लॉकरमध्ये. ती मोडायची नाही असं मी सुचवलं, मोडताना घडणावळ तर जातेच. बँकेत तारण ठेवून साधारण दहा टक्क्यांनी कर्ज मिळतं, म्हणजे महिन्याला पावणेपाचशे व्याज, कार्डाचं याच रकमेवर तेवीसशेच्या पुढे जात होतं. पण हे मी सगळ्यांना सांगत नाही. कार्डाचा वापर बंद व्हायच्या आधी सोनं तारण ठेवलं तर सहा महिन्यांत सोनंही अडकलेलं आणि कार्डावरही पुन्हा कर्ज चढलेलं, अशी घरं मी पाहिलीत. म्हणून आधी शॉपिंगच्या ॲपमधला कार्ड नंबर भाऊंनी स्वतःच्या हाताने काढला, मग पोत बँकेत गेली. मागची खोली रिकामी झाली तिथे खिडकीशी मशीन आलं आणि ताई आता लग्नसराईची जास्त कामं घेते, ते पैसे पोतीच्या कर्जात जातात.

दोन गोष्टी मला आवर्जून सांगायच्यात. घरात चालायला वाट नाही, कुजकं तुटकंसुद्धा टाकवत नाही, टाकायचं म्हटलं की माणूस थरथरतो, असं असेल तर ते आळस किंवा कंजूषपणा नाही, तो एक मानसिक आजार असू शकतो आणि त्यासाठी मानसोपचार डॉक्टरकडे जावं. आणि कर्जामुळे जगूच नये असं मनात येत असेल तर आज, आत्ता, १४४१६ ला फोन करा, टेली मानस नावाची सरकारी हेल्पलाईन आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. वसुलीवाल्यांचा त्रास होत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. कॉलची वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

आणि कार्ड फेडलं की ते बंद करायला लेखी अर्ज द्या, कार्ड नुसतं कापून फेकणं पुरेसं नाही. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. 'सेटलमेंट करून टाका' असं कोणी फोनवर गोड बोललं तर आधी विचारा की रेकॉर्डवर 'क्लोज्ड' लागणार की 'सेटल्ड', कारण 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण पैसे न भरता मिटवलं, असं लागलं की पुढे घरासाठी लोन काढताना अडचण येते. थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या, आणि दोनेक महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा, रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. भाऊंचं पत्र आलं, ताईने ते वहीत पहिल्या पानावर चिकटवलंय, आणि आता पर्सनल लोनला मुदतीआधी पैसे भरले तर किती चार्ज लागतो ते विचारायला दोघं बँकेत जाणार आहेत.