स्टेंट टाकला तरी छातीत भरून येतं, मग ह्या गोळ्या कशाला?

परवा एका ताईंनी विचारलं, की बाबांची अँजिओप्लास्टी होऊन (हृदयाची तुंबलेली वाहिनी उघडून तिथे स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवून) तीन महिने झाले, डॉक्टर म्हणाले रिझल्ट छान आहे, तरी जिना चढताना छाती जड होते, आणि त्यात बाबांनी डोकं दुखतं म्हणून एक गोळी गुपचूप बंद केलीय, आता काय करू? हा प्रश्न मला शब्द बदलून सतत येतो. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे मी सांगणार नाही, पण ह्यावरून मला एक काका आठवले, त्यांची गोष्ट सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

काका साठीच्या अलीकडचे, दोन स्टेंट, आयुष्य मशिनींच्या आवाजात गेलेलं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मला काही प्रॉब्लेम नाहीये, हिला आहे." काकूंनी काही न बोलता पर्समधून टिश्यूची पुडी काढली आणि टेबलावर उलटी केली. अकरा गोळ्या. शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलेल्या.

काकांचा चेहरा असा काही उतरला की मी घाईघाईत गोळ्या किती महत्त्वाच्या ह्यावर बोलायला लागले, आणि ते माझं चुकलंच. पुढची वीस मिनिटं ते फक्त "हो हो, बरोबर आहे" म्हणत होते. ज्याला हे म्हणायची सवय असते तो माणूस घरी जाऊन पुन्हा पुडीच बांधतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी एकट्यांना बोलावलं आणि गोळीचा विषयच काढला नाही, विचारलं की जिन्यात नक्की कुठे थांबता? मग बोलले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतो, फोन काढतो, कोणी आलं तर मेसेज वाचतोय असं दाखवतो, स्क्रीन कधी कधी बंदच असते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी? ती घरी, कपाटात. "एमर्जन्सीला ठेवलीय, आत्ताच वापरली तर सवय लागेल, मग खरी वेळ आल्यावर काम नाही करणार."

इथे मला कळलं की डोकेदुखी खरी आहे पण एवढंच नाहीये. त्यांच्या डोक्यात हिशोब साधा होता: नळी तुंबली, नळी साफ केली, आता मशीन चालायला पाहिजे, आणि तरी गोळी लागतेय म्हणजे एकतर ऑपरेशन फेल गेलं नाहीतर मी कायमचा पेशंट झालो. दोन्हीपैकी काहीच मान्य नाही, म्हणून गोळी खिशात.

तर हे फेल वगैरे काही नसतं बहुतेक वेळा. स्टेंट बसतो तो मोठ्या रक्तवाहिनीत. हृदयाच्या स्नायूच्या आत ज्या अगदी बारीक वाहिन्या असतात त्या अँजिओग्राफीत दिसत पण नाहीत, त्या नीट मोकळ्या होत नसतील तरी दुखतं, कधी वाहिनी आकडी आल्यासारखी आवळते, कधी एखादा लहान ब्लॉक मुद्दाम तसाच ठेवलेला असतो. स्टेंटनंतर साधारण पाचातल्या एकाला तरी थोडाफार अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, राहतो, आणि त्याच्यासाठीच ह्या गोळ्या असतात. हे काकांनी ऐकलं, मान हलवली, पटलं नाही. पटलं ते डायनामाइटच्या गोष्टीने.

त्यांची डोकं दुखवणारी गोळी नायट्रेटची होती. ही रक्तवाहिन्या सैल करते, पण फक्त हृदयाच्या नाही, डोक्याच्या पण, म्हणून ठणका. नायट्रोग्लिसरीन ह्याच घराण्यातलं, डायनामाइटमध्ये तेच असायचं, आणि अशा कारखान्यांत कामगारांचं डोकं सोमवारी दुखायचं, आठवडाभरात अंगवळणी पडून थांबायचं, सुट्टीत शरीर ते विसरायचं की पुन्हा सोमवारी सुरू. (डायनामाइट शोधणाऱ्या खुद्द आल्फ्रेड नोबेलला शेवटच्या दिवसांत हृदयासाठी हेच औषध लिहून दिलं होतं, त्याला पण ह्याची गंमत वाटली होती म्हणे.) काका दोन दिवस घ्यायचे, तीन दिवस सोडायचे, म्हणजे दर वेळी स्वतःसाठी नवा सोमवार तयार करत होते. हे ऐकून ते पहिल्यांदा हसले. रोज नेमाने घेतली तर बऱ्याच जणांची डोकेदुखी आठवडा-दोन आठवड्यांत उतरते.

आणि एक घोळ निघाला. डॉक्टरांनी ही गोळी सकाळी आणि दुपारी सांगितलेली, ह्यांनी आपल्या मनाने दर बारा तासांनी केली, का तर ते जास्त शिस्तीचं वाटतं. पण नायट्रेटला रोज काही तास सुट्टी द्यावीच लागते, चोवीस तास अंगात राहिली तर तिचा असरच कमी होतो, म्हणून ते विचित्र दिसणारं टाइमटेबल मुद्दाम असतं.

जिभेखालच्या गोळीची सवय लागत नाही. ती कपाटात नाही, खिशात हवी. दुखलं की थांबायचं, बसायचं, कारण बीपी उतरून चक्कर येऊ शकते, मग गोळी. पाच मिनिटांत कमी झालं नाही किंवा वाढलं तर अँब्युलन्स, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. आणि दुखण्याची पद्धतच बदलली, म्हणजे बसल्या बसल्या यायला लागलं, कमी श्रमात यायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

तिसऱ्या भेटीत निघताना दारात हात ठेवून उभे राहिले. हे मी खूपदा बघितलंय, पुरुषांचा खरा प्रश्न दारातच येतो. "मॅडम, ती निळी गोळी चालते का?" म्हणजे व्हायग्रा, मित्राने दिलेली पाकिटातच होती. मी त्यांना परत बसवलं. नायट्रेट चालू असताना ती अजिबात नाही, बीपी इतकं कोसळू शकतं की जीवावर बेतेल, आणि ती घेतलेली असेल तर छातीत दुखल्यावर अँब्युलन्सवाल्यांना ते सांगायलाच पाहिजे, लाज नंतर. खरं तर ज्यासाठी ती निळी गोळी हवी होती तो लैंगिक त्रास नाडी हळू ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकरने पण होऊ शकतो, हात गार पडणं, दिवसभर अर्ध्या बॅटरीवर चालल्यासारखं वाटणं पण, आणि त्यावर डॉक्टरकडे पर्याय असतात. पण ते औषध एकदम तोडायचं नाही, अंजायना उसळून येतो.

मी त्यांच्याकडून फक्त एक वही करून घेतली: किती वाजता दुखलं, तेव्हा काय करत होतो, कुठली गोळी कधी घेतली, डोकं दहापैकी किती दुखलं. दोन आठवड्यांची वही बघून डॉक्टरांनी नायट्रेटचा डोस खाली आणून हळूहळू वाढवला, बीटा ब्लॉकर बदलला. डोकं आता दहापैकी दोन. जिन्यात अजून थांबतात, पण पायरीवर बसून.

ताई, तुम्ही आधी बघा बाबांनी कुठली गोळी सोडलीय. रक्त पातळ ठेवणारी असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दुसरी असेल तरी ह्याच आठवड्यात सगळ्या स्ट्रिप्स घेऊन त्यांना डॉक्टरकडे न्या. फक्त सापडलेल्या गोळ्या सगळ्यांसमोर टेबलावर ओतू नका. काकांचा तो चेहरा मी बघितलाय.